मोटारीची निर्धोक कांच

कांच म्हटली कीं ती फुटावयाचीच, असें आपण धरून चालतों. कंदिलाचा गोळा, देवापुढील तसबिरीची कांच, लेकीसुनांच्या हातांतील बांगड्या, या साऱ्या वस्तु जपून वापरावयाच्या त्या याच समजुतीनें. एखादी वस्तु फुटलीच तर केरसुणीनें तुकडे गोळा करावे, पायांत कपची रुतल्यास काढावी, आणि बाजारांतून नवी वस्तु आणावी. याहून अधिक विचार त्या बाबतींत कोणी करीत नाहीं. परंतु तीच कांच तासाला चाळीस मैल वेगानें धांवणाऱ्या गाडींत, बसणाराच्या तोंडापासून हात-दीड हात अंतरावर बसविली, म्हणजे तिचें फुटणें ही किरकोळ बाब राहत नाहीं. तो जीवनमरणाचा प्रश्न होतो. हा प्रश्न मोटारीच्या जन्माबरोबर उत्पन्न झाला. तो सुटावयास मात्र पुष्कळ वर्षें लागलीं. कशीं लागलीं, हें समजून घेणें आजहि उपयोगाचें आहे. कारण त्या जुन्या काळच्या मोटारी हौसेनें जपणारे लोक आपल्या देशांत आहेत, आणि त्या गाड्यांतून माणसें आजहि बसतात.

ठाणें जिल्ह्यांत शहापूर तालुक्यांत भातसा धरणाच्या कामामुळें वसलेली भातसानगर ही वसाहत आहे. त्याच तालुक्यांतून मुंबई-आग्रा रस्ता जातो. शहापूर, खर्डी, कसारा हीं गांवें मागें टाकून हा रस्ता थळ घाट चढतो आणि इगतपुरीवरून नाशकाकडे वळतो. मुंबईच्या धनिकांच्या मोटारी घाटावर जाऊं लागल्या तेव्हां नाशकाकडे जाण्याची त्यांची वाट हीच. आज याच तालुक्यांतून समृद्धि महामार्गहि गेला आहे. त्याचा इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. रस्ते रुंद झाले, वेग वाढले. या वाटेनें जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या व समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या मध्यें एक पारदर्शक पडदा असतो, आणि त्याच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. चांगल्या कांचेचा गुणच असा, कीं ती दिसूं नये.

अगदीं पहिल्या मोटारींना अशी कांच नव्हती. मोटारगाडी ही घोडागाडीची वारस. घोडा गेला आणि त्याच्या जागीं यंत्र आलें, एवढाच काय तो फरक प्रथम दिसत होता. छप्पर बहुधा नसे, खिडक्या नसत. मुंबईच्या रस्त्यांवर १८९८ च्या सुमारास मोटारी दिसूं लागल्या, आणि जमशेटजी टाटा हे त्यांच्या पहिल्या मालकांपैकीं एक होते. त्या काळीं मोटार हांकणारानें लांब कोट घालावा, डोळ्यांवर मोठा चष्मा चढवावा आणि धूळ खात जावें, असा प्रकार होता. पुढें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत चालकाच्या समोर लांकडी किंवा पितळी चौकटींत उभी कांच बसविण्याची चाल पडली. बंद गाड्यांची आवड वाढली, तशा बाजूंनाहि कांचेच्या खिडक्या आल्या. ही कांच कोणती? तर आरशाला किंवा दुकानाच्या दर्शनी खिडकीला लावीत तीच साधी जाड कांच. धनिकांच्या बग्गीला ती पिढ्यान् पिढ्या लागत आली होती; तेव्हां मोटारीला ती लावण्यांत कांहीं चुकतें आहे असें कोणाच्या मनांत आलें नाहीं, यांत नवल नाहीं.

चूक होती ती वेगाच्या हिशेबांत. गतिमान वस्तूच्या अंगची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हा नियम शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असतो. बग्गी तासाला दहा मैल जाई. मोटार चाळीस मैल जाऊं लागली. वेग चौपट झाला, परंतु आघाताची शक्ति सोळापट झाली. गाडी एकाएकीं थांबली म्हणजे आंतील माणूस थांबत नाहीं, तो त्याच वेगानें पुढें फेंकला जातो. त्या दिवसांत माणसाला आसनाशीं बांधून ठेवणारे पट्टे मोटारींत नव्हते. डोकें समोरच्या कांचेवर आदळे, कांच फुटे, आणि साधी कांच फुटते ती लांब, टोंकदार, सुरीसारख्या तुकड्यांनीं. कांहीं तुकडे चौकटींतच उभे राहत. मग डोळे, चेहरा आणि गळा यांची जी दशा होई ती वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाहीं. गाडीला फारशी इजा न होतां आंतील माणूस दगावे तो पुष्कळदां कांचेमुळें. ज्या वस्तूनें वाऱ्यापासून रक्षण करावयाचें तीच घातक ठरली.

यावर उपाय दोन दिशांनीं निघाला. पहिली दिशा फुटलेले तुकडे जागचे हलूं न देण्याची. इंग्लंडांत जॉन क्रू वुड यानें १९०५ सालीं दोन कांचांच्या मध्यें पारदर्शक थर चिकटवून निर्धोक कांच करण्याचें पेटंट घेतलें. परंतु तिचा व्यापार जमला नाहीं. ज्याचें नांव या शोधाशीं कायमचें जोडलें गेलें तो फ्रान्समधील एदुआर बेनेदिक्तुस. हा गृहस्थ मोठा मौजेचा. चित्रकला आणि सजावट हा त्याचा व्यवसाय, आणि त्याच्या जोडीला रसायनशास्त्राचा नाद. १९०३ सालीं त्याच्या प्रयोगशाळेंत उंच फळीवरून कांचेचा एक चंबू खालीं पडला, अशी हकीगत सांगतात. चंबूला सर्वांगीं तडे गेले, परंतु त्याचा आकार मोडला नाहीं; तुकडे एकमेकांना धरून राहिले. पाहतां पाहतां कारण कळलें. त्यांत पूर्वीं कोलोडियन ठेवलेलें होतें. तें सुकून गेलें होतें, आणि चंबूच्या आंतील बाजूस त्याचा एक पातळ, दिसेल न दिसेल असा पापुद्रा राहिला होता. त्या पापुद्र्यानें कांचेला धरून ठेवलें होतें.

कोलोडियन हें फोटोग्राफरांच्या जुन्या पिढीला परिचित असलेलें द्रव्य. कापसावर नायट्रिक व सल्फ्यूरिक आम्लांची क्रिया करून जें नायट्रोसेल्युलोज मिळतें, तें अल्कोहोल व ईथर यांत विरघळविलें म्हणजे कोलोडियन होतें. त्याच नायट्रोसेल्युलोजांत कापूर मिसळला म्हणजे सेल्युलॉइड होतें, आणि त्या सेल्युलॉइडचे कंगवे व सिनेमाच्या फिती एके काळीं घरोघरीं व गांवोगांवीं पोंचल्या होत्या. बेनेदिक्तुसनें चंबूवर टिपण चिकटवून तो बाजूला ठेवला. पुढें पॅरिसमध्यें मोटारींच्या अपघातांत कांचेनें लोक जखमी झाल्याच्या बातम्या त्याच्या वाचनांत आल्या, आणि त्याला त्या चंबूची आठवण झाली. दोन कांचांच्या मध्यें सेल्युलॉइडचा पत्रा सरसासारख्या जिलेटिननें चिकटवून, उष्णता व दाब देऊन त्यानें एकजीव फळी तयार केली, आणि १९०९ सालीं पेटंट घेतलें. तीन थरांची म्हणून तिचें नांव ट्रिप्लेक्स. १९१२ सालीं इंग्लंडांत ट्रिप्लेक्स सेफ्टी ग्लास कंपनी निघाली.

शोध लागला म्हणजे लोक त्याच्यावर तुटून पडतात, ही समजूत खरी नाहीं. मोटारी करणाऱ्यांनीं प्रथम या कांचेकडे पाठच फिरविली. ती महाग होती. शिवाय निर्धोक कांचेची जाहिरात करावी तर अपघाताची गोष्ट आधीं काढावी लागते. आणि गिऱ्हाइकाला गाडी विकतांना अपघाताची आठवण कोणता व्यापारी करून देईल? मग १९१४ सालीं महायुद्ध पेटलें. विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांना डोळ्यांच्या जागीं न विखुरणारी कांच पाहिजे होती. वैमानिकांच्या चष्म्यांनाहि तीच हवी होती. शांततेच्या काळांत ज्या वस्तूला गिऱ्हाईक मिळालें नाहीं, तिला युद्धानें मिळवून दिलें. युद्ध संपलें, कारखाने उभे होते, कारागीर तयार होते. अमेरिकेंत १९२६ च्या सुमारास कॅडिलॅकसारख्या महाग गाड्यांना ही कांच लागूं लागली, आणि १९२७ सालच्या अखेरीस हेन्री फोर्डनें आपली मॉडेल ए ही नवी गाडी बाजारांत आणली तेव्हां तिच्या समोरच्या चौकटींत लॅमिनेटेड कांच, म्हणजे थरांची कांच, मूळ किमतींतच बसवून दिली. फोर्डची गाडी ही सामान्य ऐपतीच्या माणसाची गाडी. धनिकाच्या गळ्याला मिळणारें संरक्षण शेतकऱ्याच्या आणि कारकुनाच्या गळ्यालाहि मिळावें, ही गोष्ट येथून सुरू झाली. इंग्लंडांत १९३० सालच्या रस्ता-वाहतूक कायद्यानंतरच्या नियमांनीं समोरची कांच निर्धोक असण्याची सक्ति झाली. म्हणजे १९०९ सालच्या पेटंटापासून सक्तीपर्यंत वीस वर्षांहून अधिक काळ लोटला.

दुसरी दिशा अगदीं निराळी. पहिलींत तुकडे धरून ठेवावयाचे होते. दुसरींत कांचच अशी करावयाची, कीं तिचे तुकडे झाले तरी ते कापूं नयेत. या विद्येचें मूळ एका खेळण्यांत आहे. वितळलेल्या कांचेचा थेंब थंड पाण्यांत सोडला तर तो बेडकाच्या पिलासारखा, गोल डोक्याचा व बारीक शेंपटीचा होऊन घट्ट होतो. त्याच्या डोक्यावर हातोडा मारला तरी तो फुटत नाहीं; परंतु शेंपटीचें टोंक मोडतांच साऱ्या थेंबाचा क्षणार्धांत चुरा होतो. १६६० च्या सुमारास प्रिन्स रूपर्टनें हे थेंब इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला दाखविले, म्हणून ते रूपर्टचे थेंब या नांवानें प्रसिद्ध झाले. कारण असें, कीं थेंबाचा बाहेरचा भाग पाण्यांत पडतांच घट्ट होतो; आंतील भाग मागून निवतो व आकसूं पाहतो. त्यामुळें बाहेरचें कवच दाबलेलें राहतें आणि गाभा ताणलेला राहतो. कांच फुटते ती पृष्ठभागावर ताण पडून, तडा उघडून. पृष्ठभाग आधींच दाबून धरलेला असला म्हणजे तडा उघडावयास वाव मिळत नाहीं. परंतु एकदां कां तडा ताणलेल्या गाभ्यापर्यंत पोंचला, म्हणजे सांठवलेली सारी शक्ति एकदम मोकळी होते.

१८७४ सालीं फ्रान्समधील द ला बास्ती यानें तापलेली कांच तेलाच्या व चरबीच्या ऊन कुंडांत बुडवून अशी कडक कांच करण्याचें पेटंट घेतलें. पण ती कधीं कधीं आपोआपच फुटे, आणि लोकांचा तिच्यावरील विश्वास उडाला. ही युक्ति मोटारीच्या उपयोगीं पडली ती पन्नासांहून अधिक वर्षांनीं, १९३० च्या आगेमागें, जेव्हां तेलाच्या ऐवजीं थंड हवेचे झोत वापरण्याची रीत बसली. कांच हव्या त्या मापाची कापून, कडा घांसून, सुमारें ६२० ते ६५० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवावयाची, आणि मग दोन्ही अंगांवर एकाच वेळीं हवेचे झोत सोडावयाचे. अशी कांच साध्या कांचेच्या चार-पांच पट बळकट होते, आणि फुटलीच तर तिचे वाटाण्याएवढे, बोथट कडांचे खडे होतात. कारखान्यांत तिला टफन्ड म्हणतात. तिच्यांत एक अडचण आहे: एकदां कडक केल्यावर ती कापतां येत नाहीं, तिला भोंक पाडतां येत नाहीं. जें काय कापावयाचें तें भट्टींत जाण्यापूर्वीं.

एवढें सारें युरोप-अमेरिकेंत चाललें असतां आपल्याकडे काय होतें? कांचेच्या बाबतींत महाराष्ट्र अगदींच मागें नव्हता. वर्षाला एक पैसा प्रत्येकानें द्यावा आणि त्या निधींतून देशी धंदे उभारावे, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्यानें ती रुजली, आणि त्या पैसाफंडांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांचकारखाना सुरू झाला. जपान व अमेरिका येथें शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनीं तेथें प्रारंभींची व्यवस्था पाहिली. पुढें त्यांनीं उत्तरेंत बहजोई येथें जो कारखाना काढला, तो आपल्या देशांत खिडक्यांची सपाट कांच काढणाऱ्या अगदीं पहिल्या कारखान्यांपैकीं होय. तळेगांवचा कारखाना ही एक शाळाच होती. तेथें शिकून गेलेल्या माणसांनीं कांचेचे धंदे ठिकठिकाणीं उभे केले. १९१६ सालीं कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनीं आपला कारखाना काढला, आणि त्यांच्या प्रभाकर कंदिलानें महाराष्ट्रांतील खेडींपाडीं उजळलीं.

या कारखान्यांत मोटारीची कांच होत नसे. होत असत त्या बाटल्या, चिमण्या, कंदिलांचे गोळे आणि भांडीं. तरी येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. पेटत्या कंदिलाच्या गोळ्यावर पावसाचा थेंब पडला तर तो तडकूं नये, ही ओगल्यांच्या कारागिरापुढील अडचण, आणि मोटारीची कांच अपघातांत कशी फुटावी, ही फ्रेंच रसायनज्ञापुढील अडचण, या दोन्हींच्या मुळाशीं एकच शास्त्र आहे: कांचेच्या अंगांत लपलेला ताण. कंदिलाचा गोळा भट्टींतून काढल्यावर हळूहळू निववावा लागतो, कारण घाईनें निवलेल्या गोळ्यांत वेडावांकडा ताण राहतो आणि तो केव्हां दगा देईल याचा नेम नसतो. टफन्ड कांचेंत तोच ताण जाणूनबुजून, मोजून-मापून आणि दोन्ही अंगांना सारखा ठेवावयाचा असतो. जो दोष म्हणून टाळावयाचा तोच शिस्तींत आणला कीं गुण होतो.

मग मोटारीची कांच येथें कां झाली नाहीं? उत्तर सरळ आहे. थरांच्या कांचेला फुगवलेली किंवा ओढलेली लाटालाटांची कांच चालत नाहीं. दोन्ही बाजूंनीं घांसून आरशासारखी सपाट केलेली प्लेट कांच लागते, आणि तिला प्रचंड यंत्रसामग्री व भांडवल पाहिजे. त्या खर्चाला पुरेल एवढ्या मोटारी देशांत नव्हत्या. ज्या होत्या त्या परदेशांतून पूर्ण तयार होऊन येत, कांचेसकट. १९२८ सालीं जनरल मोटर्सनें शिवडीला कारखाना काढला, तोहि परदेशांतून पेट्यांत भरून आलेले भाग जोडण्याचा. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ पासून गाड्या निघूं लागल्या, तेव्हां कोठें मोटारीचा एकेक भाग देशांत करण्याचा मार्ग मोकळा झाला. आज महाराष्ट्रांतच, पुण्याजवळ चाकणला मोटारींच्या निर्धोक कांचा तयार होतात, आणि पनवेलजवळ तळोजाला सपाट कांचेचा मोठा कारखाना आहे. वितळलेल्या कथिलावर कांच तरंगवून ती घांसल्याशिवायच सपाट करण्याची रीत इंग्लंडांतील पिल्किंग्टन कंपनीनें १९५९ सालीं जाहीर केली. तिच्यामुळें जुन्या प्लेट कांचेचा खटाटोप संपला आणि चांगली कांच स्वस्त झाली.

कायद्याची वाटचालहि अशीच सावकाशीची. १९३९ सालच्या मोटार वाहन कायद्यानें वाहनांच्या बांधणीविषयीं नियम करण्याचा अधिकार प्रांतांना दिला. १९८८ सालीं नवा कायदा झाला व १९८९ सालीं केंद्राचे नियम आले. त्यांतील शंभराव्या नियमान्वयें मोटारीच्या कांचा निर्धोक असल्या पाहिजेत. समोरच्या व मागच्या कांचेंतून निदान शेंकडा ७० आणि बाजूच्या कांचांतून निदान शेंकडा ५० प्रकाश आंत आला पाहिजे. पुढील दुरुस्त्यांनीं समोरची कांच लॅमिनेटेडच असावी असेंहि ठरलें. याचें कारण घाटांतून जाणाऱ्या लोकांना विशेष समजेल. पूर्वीं पुष्कळ गाड्यांना समोरहि टफन्ड कांच असे. पुढच्या मालमोटारीच्या चाकाखालून उडालेला खडा तिच्यावर बसला, तर सारी कांच एका क्षणांत बारीक तड्यांनीं पांढरी होऊन जाई आणि चालकाला पुढचें कांहींच दिसत नसे. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी अशा वळणावर असें झालें म्हणजे काय होईल, हें सांगावयास नको. लॅमिनेटेड कांचेवर तोच खडा बसला तर कोळ्याच्या जाळ्यासारखी एक खूण उमटते. उरलेल्या कांचेंतून रस्ता दिसत राहतो. म्हणून समोर थरांची, आणि बाजूला व मागें बहुधा कडक केलेली, अशी वांटणी रूढ झाली.

आतां जुन्या मोटारींकडे वळावयाचें. १९२० ते १९४० च्या दरम्यानच्या गाडींत तीन प्रकारच्या कांचा सांपडतात. कांहींत मूळची साधी प्लेट कांच असते. कांहींत सेल्युलॉइडच्या थराची ट्रिप्लेक्स असते. या थराला दोन शत्रु: ऊन आणि ओल. उन्हानें तो पिवळा, मग तपकिरी होतो. कडेनें ओल शिरली कीं थर सुटूं लागतो, बुडबुडे दिसतात आणि कडेकडेनें ढगासारखे डाग पसरतात. आपल्याकडच्या वैशाखाच्या उन्हांत आणि कोंकणपट्टीच्या पावसाळ्यांत ही झीज किती लवकर होत असेल याची कल्पना करतां येईल. १९३३ च्या सुमारास सेल्युलोज ॲसिटेटचा थर आला. तो कमी पिवळा होई, परंतु थंडींत ठिसूळ बने. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पॉलिव्हिनिल ब्युटिरल नांवाचा रबरासारखा चिवट पदार्थ सांपडला आणि तोच अद्याप वापरांत आहे. त्याचाहि थर प्रथम पातळ असे. डोकें त्यांतून आरपार जाई व कांचेचें कडें गळ्याभोंवतीं बसे. १९६६ सालीं अमेरिकेंत तो दुप्पट जाड, सुमारें पाऊण मिलिमीटरचा, करण्यांत आला, आणि तो असा केला कीं आघातासरशीं ताणला जाऊन डोकें झेलील. म्हणजे जुन्या गाडीची ट्रिप्लेक्स कांच शाबूत दिसली, तरी ती आजच्या अर्थानें निर्धोक आहे असें समजूं नये.

येथेंच खरा वाद उत्पन्न होतो. २०२१ सालीं केंद्र सरकारनें जुन्या मोटारींसाठीं स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून अधिक जुन्या गाडीला विंटेज म्हणून नोंदतां येतें. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये आकार आहे, आणि क्रमांकांत व्हीए हीं अक्षरें येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठीं किंवा धंद्यासाठीं रस्त्यावर आणावयाची नाहीं. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, दुरुस्ती अशा कारणांसाठीं आणतां येते. गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असावी, तिच्या सांगाड्यांत, कवचांत किंवा इंजिनांत मोठा फेरफार झालेला नसावा, असाहि दंडक आहे. या "मूळ स्वरूपां"वर हौशी लोकांची मोठी भक्ति. मूळचा दिवा, मूळचा भोंगा, मूळचें कातडें, तशीच मूळची कांचहि राहिली पाहिजे, असें कांहींचें म्हणणें. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. कोपऱ्यांत कोरलेली ट्रिप्लेक्सची खूण आणि त्या अक्षरांखालील वर्षदर्शक ठिपके हा इतिहासाचा पुरावाच आहे. तो एकदां केरांत गेला कीं परत मिळत नाहीं.

परंतु पुरावा जपणें आणि तो माणसाच्या गळ्यासमोर बसविणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. जुन्या किल्ल्यावरील तोफ आपण जपतों. ती जपण्यासाठीं ठासून कोणी ठेवीत नाहीं. ज्या गाडींत पट्टे नाहींत, ज्या गाडीचे थांबे दुबळे आहेत, तिच्यांत तर कांचेवर अधिकच भार पडतो. आजूबाजूची वाहतूक १९२५ सालची राहिलेली नाहीं. जुन्या गाडीच्या मागून येणारा मालाचा ट्रक आजचा आहे. गाडीचा मालक स्वतःच्या हौसेसाठीं धोका पत्करील, तो त्याचा प्रश्न. मात्र त्या गाडींत बसणारा पाहुणा किंवा मौजेखातर पुढच्या बैठकीवर बसविलेलें लहान मूल यांना हा धोका कोणी सांगितलेला नसतो. त्यांना तर समोर फक्त स्वच्छ कांच दिसते.

आणि यांतून सुटण्याचा मार्ग तरी किती सोपा आहे! त्या काळच्या मोटारींच्या कांचा बहुतेक सपाट आहेत. सपाट लॅमिनेटेड कांच कोणताहि चांगला कांचकाम करणारा नमुन्याबरहुकूम कापून देतो: दोन्ही अंगांवर हिऱ्यानें किंवा चाकानें रेघ मारून दोन्ही कांचा मोडावयाच्या आणि मधला थर पात्यानें कापावयाचा. बाजूच्या खिडकीला टफन्ड हवी असल्यास मूळ कांच नमुन्यादाखल कारखान्यांत देऊन, माप पक्कें करून, मग ती भट्टींत घालावी. जाडी मूळच्याइतकी ठेवली कीं चौकट बदलावी लागत नाहीं, कांच वर-खालीं सरकण्याची खांच बदलावी लागत नाहीं, आणि दोन हातांवरून पाहणाराला फरकहि कळत नाहीं. नियमांत सांगाडा, कवच व इंजिन यांचीं नांवें आहेत. त्यांत कांचेचें नांव नाहीं. काढलेली जुनी कांच फ्लॅनेलमध्यें गुंडाळून, तिच्यावर गाडीचें नांव व साल लिहून, कपाटांत उभी ठेवावी. इतिहास कपाटांत सुखरूप राहील, आणि माणूस गाडींत सुखरूप राहील.

गाडीला कोणती कांच आहे हें ओळखावयाचें असेल तर तिची कड पाहावी. उघड्या कडेवर दोन कांचांमधील थराची बारीक रेघ दिसली कीं ती लॅमिनेटेड. कोपऱ्यावर कारखान्याची कोरीव खूण व मानक-क्रमांक असल्यास तो वाचावा. आपल्या देशांतील मोटारींच्या निर्धोक कांचेचें मानक आय्‌एस् २५५३ हें आहे. ध्रुवित भिंगांचा चष्मा लावून तिरप्या उजेडांत पाहिलें असतां टफन्ड कांचेवर ठिपक्यांची नक्षी उमटते. हवेचे झोत जेथें लागले त्या जागांच्या त्या खुणा होत. यांपैकीं कांहींच आढळलें नाहीं, तर कांच साधी आहे असें धरून चालणें शहाणपणाचें.

माणसानें यंत्राचा वेग वाढविला तो एका दमांत. त्या वेगापासून स्वतःला सांभाळण्याची विद्या मात्र तो टप्प्याटप्प्यानें शिकला. चंबू फुटला १९०३ सालीं, आणि त्या फुटण्याचा अर्थ सर्वसामान्य प्रवाशापर्यंत पोंचावयास पाव शतक लागलें. आपल्या देशांत त्याहूनहि अधिक. तो उशीर शास्त्राचा नव्हता, किमतीचा होता आणि बेफिकिरीचा होता. कधींच फुटणार नाहीं अशी कांच अद्याप कोणी केलेली नाहीं. या शोधाचें मोठेपण इतकेंच, कीं त्यानें कांचेला माणसाला इजा न करतां फुटावयास शिकविलें. जुनी मोटार जपणाऱ्यानें तिच्या पितळेला जेवढें जपावें त्याहून काकणभर अधिक तिच्यांत बसणाऱ्यांना जपावें. मग ती गाडी रस्त्यावर निघाली असतां पाहणाऱ्याला आनंद होईल, आणि तिच्यांत बसणाऱ्याच्या घरच्यांना काळजी राहणार नाहीं.